रघुपतीअण्णांचा हात

१९५८ साली मी संकेश्वरहून बंगळूरला आलो तेव्हा एक्स-रेबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की त्यात माणूस कपड्यांसकट उघडा पडतो. मॅट्रिकला विज्ञानात छत्तीस मार्क होते. तरी चामराजपेटेतल्या एका लहान धर्मादाय इस्पितळाने मला एक्स-रे खोलीत हंगामी मदतनीस म्हणून घेतलं. कारण एकच. त्या खोलीचे मालक असल्यासारखे वावरणारे तंत्रज्ञ रघुपतीराव, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, यांना मराठी बोलायला कोणीतरी हवं होतं.

अण्णांचं घराणं दहा पिढ्या बंगळुरात. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की मला पहिला आठवडाभर नुसती मान हलवावी लागली.

"संकेश्वर," ते म्हणाले. माझं नाव देवाप्पा, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही. "भांडतोस की बोलतोस रे? स्वल्प हळू."

"तुमच्या मराठीत मराठी किती, त्याची एक प्लेट काढायला पाहिजे, अण्णा."

"काढ की. धुवायला तरी येते का तुला प्लेट?"

येत नव्हती. डार्करूमच्या लाल दिव्याखाली त्यांनी ती मला शिकवली. हँगर कसा धरायचा, डेव्हलपरमधून फिल्म कधी उचलायची, चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या पाण्यात किती वेळ ठेवायची. माझ्या प्लेटा पेजेसारख्या पांढुरक्या यायच्या. ते उजेडाला धरून म्हणायचे, "भूत आहे हे. माणूस कुठाय?"

मशीन जुनं होतं आणि मीटरवर अण्णांचा विश्वास नव्हता. रोज सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी ते खोली अंधारी करत, मशीन चालू करत आणि पडद्यामागे स्वतःचा उजवा हात धरत. हिरवट उजेडात बोटांची हाडं उमटायची. मनगटाची बारीक हाडं सुटीसुटी दिसली की म्हणायचे, "सरी. आज तब्येत ठीक आहे." मशीनची. चोवीस वर्षं हा नेम चालला होता. किरण अडवणारे शिशाचे हातमोजे खिळ्याला टांगलेले असत. रडणारं मूल मशीनखाली धरायचं तर अण्णा ते उघड्या हातांनीच धरत. "त्या मोज्यांत म्हैस धरता येईल, लेकरू नाही."

त्या हाताची नखं उभी चिरलेली होती आणि कातडी सुंठीसारखी. "हायपोने होतं," असं ते सांगत आणि मी मानत असे, कारण माझेही हात हायपोत असत आणि मला दुसरं काही मानायचं नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांच्या तर्जनीवर जखम झाली. आधी ज्वारीच्या दाण्याएवढी. दसऱ्यापर्यंत चिंचोक्याएवढी, आणि कडा वर आलेल्या. डार्करूममध्ये ते पट्टी बदलत होते तेव्हा मी पाहिली.

"अण्णा, डॉक्टरांना दाखवा."

"दाखवतो. मग ते काय करतील? मशीनवरून उठवतील आणि औषधांच्या खोलीत बसवतील. खोकल्याच्या बाटल्या भरू का आता?" ते जवळ आले. "कोणाला बोलायचं नाही, संकेश्वर. माझ्या गळ्याशपथ."

मी शपथ घेतली. लोक अशा वेळी निष्ठा वगैरे शब्द वापरतात. खरं सांगायचं तर मला पाठीच्या कण्याची प्लेट अजून जमत नव्हती. अण्णा उठले असते तर मशीन माझ्या गळ्यात पडलं असतं आणि चार दिवसांत माझी परतीची गाडी ठरली असती. त्यांचं गप्प राहणं मला सोयीचं होतं.

दर गुरुवारी मी त्यांच्या घरी जेवायचो. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई वाढायच्या. एकदा त्यांनी पट्टीकडे बोट केलं. "हे काय हो?"

"टाकीचा पत्रा लागला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने आणखी भात मागितला.

असे आठ महिने गेले. मग एका सकाळी अण्णांच्या हातून फिल्म ठेवायची कॅसेट पडली, ती नेमकी सर्जन गुरुराज यांच्यासमोर. अण्णांच्या हातून काही पडल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं.

"रघुपती, पट्टी सोडा," डॉक्टर म्हणाले. पाहून झाल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. मला म्हणाले, "हाताची प्लेट काढ."

अण्णांनी स्वतःच हात कॅसेटवर ठेवला, बोटं फाकवली, मशीनची नळी सरळ करायला सांगितली.

"किरण किती देतोस?"

"नेहमीचं."

"कमी कर रे. हाड उरलं नसेल तर सगळं काळं येईल."

मी कमी केलं. ओली फिल्म मी हँगरसकट उजेडाला धरली. तर्जनीची पुढची दोन पेरं वाळवी लागल्यासारखी खाल्लेली, तिसऱ्याची कड गेलेली. अण्णांनी शेजारी उभं राहून ती नीट, सावकाश पाहिली.

"चांगली आलीय," ते म्हणाले. "रेघ न् रेघ दिसते. आता तुला कोणी काढणार नाही."

डॉक्टरांनी काख चाचपली. तिथे गाठ होती. "सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर एका बोटावर भागलं असतं," ते म्हणाले. कोपराखालून हात काढला. पुढच्या फेब्रुवारीत अण्णा गेले. त्याच महिन्यात मी कायम झालो.

महिनाभराने मी कृष्णाबाईंना भेटायला गेलो. त्यांनी पान मांडलं, वाढलं, आणि समोर बसल्या.

"देवाप्पा, तुला कधी कळलं होतं?"

"ऑपरेशनच्या आठवड्यात, अक्का."

त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला.

"मला दसऱ्यालाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "हात धुताना बघितलं मी. विचारलं तर ओरडले, परत हे नाव काढायचं नाही म्हणून. म्हटलं, मी कोणाला सांगणार? डॉक्टरांशी बोलायचं धाडस नाही मला. तू रोज त्यांच्याजवळ होतास. शिकलेला आहेस. म्हटलं, हा सांगेल."

दसऱ्यानंतर त्या घरी मी तीसएक वेळा जेवलो होतो, आणि दर वेळी निघताना कृष्णाबाई माझ्यामागे रस्त्यापर्यंत येऊन थांबायच्या. मला वाटायचं, या घरची रीतच असेल.