कमरेचा पट्टा

गोरक्ष पगारांच्या मिशा बघितल्या की वाटायचं, या माणसानं डोंगर उतरले नसतील, डोंगरच याला बघून खाली बसले असतील. ओझरच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं विमानाचे नटबोल्ट आवळले, आणि रविवार सगळे पोराटोरांना दोरावरून कडा उतरायला शिकवण्यात घालवले. कारखान्यातली एकच गोष्ट त्यांनी डोंगरावर आणली होती: आपलं काम आपण पास करायचं नाही, दुसऱ्यानं तपासायचं.

म्हणून त्यांचा नियम होता. हार्नेस, म्हणजे कंबर-मांड्यांचे ते पट्टे, दुसऱ्याला न दाखवता जो कड्याकडे जाईल, त्यानं ते अंगावर ठेवूनच घरी जायचं. दार उघडणाऱ्याला सगळं कारण सांगितल्याशिवाय काढायचे नाहीत. गेल्याच महिन्यात राकेश नावाचा इंजिनिअरिंगचा घोडा तसाच सिटी बसनं गेला होता. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "लाइट गेलीय का कुठं? खांबावर चढायचंय?" हा किस्सा पगार सर मीठमसाला लावून सांगायचे.

चांदवडजवळच्या शिबिराचा शेवटचा दिवस. पालक आलेले. नाशकातल्या गंगापूर रोडच्या आयांनी मोबाइल वर धरलेले. मग काय, सरांच्या मिशीला पीळ चढला. आधी स्वतः उतरून दाखवतो म्हणाले, आणि घाईत पट्टे आवळून थेट कड्यावर जाऊन उभे राहिले.

"सर," सविता म्हणाली. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून आलेली, चौदा वर्षांची, आठ दिवसांत आठ वाक्यं बोललेली पोर. "पट्टा उलटा खोचलेला नाय."

आता एवढ्या लोकांत हे ऐकायचं? सर हसून म्हणाले, "बाळ, तू शेळ्यांमागं पळत होतीस ना, तेव्हापासून मी दोर बांधतोय."

पालक खो खो हसले. सविता हसली नाही, आणि हललीही नाही. तिनं फक्त सरांचा दोर मुठीत घट्ट धरला.

सरांनी खाली बघितलं. कमरेचा पट्टा बकलातून एकदाच गेलेला, टोक लोंबतंय. तो उलटा फिरवून पुन्हा खोचला नाही तर अंगाच्या वजनानं सरकत सुटतो, हे त्यांनीच शेकडो पोरांना घोकवलेलं. खाली साठ फूट.

त्यांनी पाठ फिरवली, मोबाइलना दिसणार नाही असा पट्टा खोचला, आणि उतरले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत सरांचे कान तापले, ते जेवणापर्यंत तापलेलेच. एका सविताशिवाय कुणाला काही कळलं नव्हतं. आणि ती लांब दगडावर पाठ करून जेवत होती.

सर्टिफिकिटं वाटताना तिचं नाव आलं. ती खाली मान घालून आली. सरांनी कागद दिला, पण हातातून सोडला नाही.

"मघाशी ही म्हणाली ते खरं होतं," ते पालकांकडे बघून म्हणाले. "पट्टा सुटा होता. मी तपासून घेतला नाही. आणि ते शेळ्यांचं..."

"आमच्यात शेळ्या नायत, सर," सविता हळूच म्हणाली. "दोन गाई हायत."

लोक पुन्हा हसले. या खेपेला हसू कुणावर होतं ते सरांना बरोबर कळलं. त्यांनी काढून ठेवलेला हार्नेस सगळ्यांदेखत परत चढवला आणि सविताला म्हणाले, "तपास." तिनं बोट घालून पट्टा ओढून बघितला आणि मान हलवली.

संध्याकाळी गंगापूर रोडनं बावन्न वर्षांचा माणूस पट्ट्यांत आवळलेला, कड्या वाजवत चालला होता. दूधवाल्यानं विचारलं, "काका, बैल कुठंय?" काका दूध घेऊन निघाले.

दार त्यांच्या बायकोनं, संध्याताईंनी उघडलं. त्या नियम जाणून होत्या. "कुणी पकडलं?"

सरांनी पट्ट्याचं सगळं सांगितलं, शेळ्यांचं सोडून. ऐकताना संध्याताईंचा हात दारावर घट्ट झाला. मग त्या चहा ठेवायला आत गेल्या. कप घेऊन आल्या, तर हे खुर्चीच्या कडेवर, तसेच जखडलेले.

"सांगितलंत ना? काढा आता ते."

"निम्मंच सांगितलंय," पगार सर म्हणाले, आणि चहावर साय धरेपर्यंत कपाकडे बघत राहिले.