आदराचं ‘हॅड’

कुणाला सांगितलेलं नाही, पण सात रस्ता चौकात इंग्रजीचा क्लास चालवत असूनही ‘हॅड’ लावून प्रश्न कधी विचारायचा, हे मलाच नीट कळत नाही.

नवी पेठेतल्या साडीच्या दुकानातला एक सेल्समन क्लासला येतो. चपला दाराबाहेर जुळवून ठेवतो आणि आधी विचारतो, "हॅड यू ईटन, सर?"

एकदा म्हणाला, "‘हॅड’ लावलं की आदर हुतो न्हवं, सर? ‘तू जेवलास’ न्हाय, ‘तुमी जेवलात’, तसं?"

गोंधळून मी होकारार्थी मान हलवली. मग तो गिऱ्हाइकांनाही प्रत्येक प्रश्न ‘हॅड’ लावूनच विचारू लागला.

काल म्हणाला, "बेंगळुरूच्या मॅडम लई हसल्या. मालकानं इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक दुसऱ्याकडं दिलं. माझा उच्चारच वंगाळ हाय की, सर."

"सराव करा," मी म्हणालो. तो लगेच पुटपुटत बसला.

चूक माझी आहे, हे एक वाक्य मी त्याला अजून देणं लागतो.