एका नावाच्या तिघी

माझा राग आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण मार्गासनीला त्या दिवशी आला तसा पुन्हा कधी आला नाही, आणि खरं सांगायचं तर तो अजून उतरलेला नाही.

शाळेसाठी मी भोरला मामाकडं राहायची. तिथले मास्तर इंग्लंडचे राजे शिकवायचे. त्यातल्या एकानं सहा बायका केल्या आणि त्यांतल्या तिघी एकाच नावाच्या! एकीला टाकली, एकीचं डोकं उडवलं, एक त्याच्या मागं उरली. वर्गात आम्ही चारच पोरी, पण घोळ चाळीस पोरींएवढा. टाकलेलीला मारायचो, मारलेलीला जिवंत ठेवायचो. मास्तर खवळायचे. "नुसतं नाव काय सांगता? कुणाच्या घरची ते आधी सांगा!" मग आम्ही घोकायचो, ही स्पेनच्या राजाची लेक, ही अमक्या सरदार घराण्यातली, ही तमक्या. माहेर लावलं की तिघी तीन वेगळ्या बायका व्हायच्या. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

त्याच सुमाराला भोंगवलीहून आमची अक्का मार्गासनीला दिली. बिजवराला. पहिली बायको बाळंतपणात गेलेली. लग्नात तांदळाच्या ताटात दाजींनी अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं, ते त्या पहिलीचंच. आईनं दबकत विचारलं, तर अक्काची सासू म्हणाली, "हंड्या-घागरींवर तेच नाव घातलंय. आता समदी भांडी पुसत बसू व्हय?" मांडवात हशा झाला. आमचे वडीलही हसले. भांड्यांवरचं नाव जपायचं आणि बाईचं पुसायचं, यात हसण्यासारखं काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

अक्काच्या अंगी ते नाव कधी लागलंच नाही. विहिरीवर कुणी हाक मारली तरी ती वळायची नाही, म्हणून सासू तिला बहिरी म्हणायची. सहा वर्षांनी तीही बाळंतपणातच गेली, आणि तिचं मूलही. वर्ष व्हायच्या आत दाजींनी तिसरी केली. तिचं नाव? भांडी तीच होती, आणखी काय सांगू!

पुढल्या पितृपंधरवड्यात मला बोलावणं आलं. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं नवमीला सवाष्ण जेवू घालतात. माझं नुकतंच लग्न झालं होतं, तेव्हा अक्काची सवाष्ण मी. लढाईचे दिवस, पेट्रोलवाचून मोटारी बंद पडलेल्या. नसरापुरावरून बैलगाडीनं हाडं खिळखिळी करत गेले. मनात एकच होतं, आज तरी माझ्या बहिणीचं नाव त्या घरात कुणी घेईल.

ओसरीवर पाट एकच. पान एकच.

"मावशी, दुसरी सवाष्ण कुठंय? गेल्या त्या दोघी," मी अक्काच्या सासूला विचारलं.

"नाव एकच हाय, मग दोन पानं कशापायी?" म्हातारी म्हणाली. "एक जेवली की दोघींना पोचतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "पोचतं? टपाल आहे का हे? अक्काचं वेगळं पान मांडा. तिच्या खऱ्या नावानं."

"आमच्या घरात मेली, ती आमच्या नावानं मेली."

भटजी खाली मान घालून दर्भ निवडत राहिले. मी दाजींकडं वळले. "तुम्ही सांगा भटजींना. काय होतं अक्काचं माहेरचं नाव?"

दाजींनी खांबाकडं पाहिलं, मग आपल्या आईकडं पाहिलं. "लई दिस झालं," ते म्हणाले. "न्हाई ध्यानात."

सहा वर्षं! सहा वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली मेल्यानं! बायकांची डोकी उडवणारा तो राजा, पण त्याच्याही राण्यांची माहेरं कुणीतरी लिहून ठेवली आणि भोरच्या पोरींनी ती घोकली. इथं लग्नाच्या नवऱ्याला बायकोचं नाव ठाऊक नाही. हे सगळं मी त्याला तोंडावर ऐकवलं आणि वाढलेल्या पानावरून उठले. सवाष्ण उपाशी उठली म्हणून म्हातारीनं तळतळाट केला. कर म्हटलं, हवा तेवढा कर.

मागच्या दारी तोंडावर पाणी मारत होते, तर तिसरी तांब्या घेऊन आली. माझ्याच वयाची. सातवा महिना तरी लागला असावा. अंगावर अक्काचं लुगडं. ते बघून मी तिच्यावरही चिडले, तिचा काही दोष नसताना.

"ताई," ती हळूच म्हणाली, "अक्कांचं नाव मला सांगा. पुढल्या साली म्या त्यांचं येगळं पान मांडीन."

मी सांगितलं. तिनं ते दोनदा पुटपुटून पाहिलं. मग आत कुणी ऐकत नाही ना ते बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन आपलं माहेरचं नाव सांगितलं.

"हे तुमी ध्यानात ठेवा," ती म्हणाली. "लागलं तर."