कारखान्याचा पट्टा आणि मुक्ताकाकूची सीताफळं

समजा, एका जुन्या पिकअपखाली तुम्ही पाठीवर पडला आहात. अंगाखाली गोणपाट, हातात बॅटरी आणि नाकासमोर गिअरबॉक्स. त्याच्या शेपटाखाली एक आडवी लोखंडी पट्टी आहे आणि दोघांच्या मधे तळहाताएवढं रबर बसवलेलं आहे. त्याला माउंटिंग म्हणतात. गिअरबॉक्सचं ओझं त्याच्यावर असतं, आणि इंजिनाची थरथर गाडीच्या अंगात जाऊ न देणं हेही त्याचंच काम. आता पहारीचं टोक मधे घाला आणि हळूच उचला. रबर फाटलं असेल तर फट उघडेल. उघडली?

रेवणसिद्धच्या डोळ्यांसमोर ती उघडली नाही, आणि तिथंच त्याचा सोमवार वाया गेला.

केजला बसस्टँडच्या मागं त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. घरी तीन पिढ्यांचं किराणा दुकान. वडील गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमचा धाकटा ग्रीस विकतो." आयटीआय करून त्यानं गॅरेज टाकलं, तेव्हा पहिले पंधरा दिवस स्कूटरसुद्धा आली नव्हती. मग मुक्ताबाईंची पिकअप आली. डोंगरातल्या वाडीतल्या बायका रानातून सीताफळं तोडून आणायच्या, मुक्ताबाई ती डालग्यांत भरून पुण्याला पाठवायच्या आणि गाडी त्यांचा पुतण्या भारत चालवायचा. त्या दिवशी उपड्या डब्यावर पदर सावरून बसत त्या म्हणाल्या होत्या, "शिकून आलास ना? मग कर." बाई बसल्यात म्हणून रस्त्यावरचे दोघं-तिघं बघायला थांबले. त्यातलाच एक दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन आला. रेवणसिद्ध ते विसरला नव्हता.

आता शहाण्णवची दिवाळी तोंडावर आली होती. सोमवारी सकाळीच मुक्ताबाई आणि भारत गाडी घेऊन आले.

"गिअरचा दांडा लई थरथरतोय, आप्पा," भारत रेवणसिद्धला म्हणाला. "तिसरा तर टिकतच न्हाई, सुटतोय."

"ते ऱ्हाऊ दे," मुक्ताबाई उपड्या डब्यावर बसत म्हणाल्या. "फळं भरताना दगडासारखी असत्यात, पुण्यात उतरली की काळी. अडत्यानं निरोप दिलाय, आनखी एक खेप अशी आली तर दारात गाडी लावू नका. गुरुवारी माल भरायचाय. तेवढं बघ."

सीताफळाचे डोळे उघडले की ते झाडावर दोन दिवस थांबत नाही. वाडीतल्या चाळीस घरांच्या बायकांचा हंगाम त्या एका अडत्यावर होता. मुक्ताबाई गाडी आणि भारत दोन्ही ठेवून जीपनं परत गेल्या.

रेवणसिद्धनं सोमवारी चाकं बघितली, मागची चाकं फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे सांधे बघितले, क्लच बघितला. पहार लावून माउंटिंग बघितलं, तर ते घट्ट. मंगळवारी सकाळी त्यानं भारतला इंजिन चालू करायला लावलं, आणि गाडीखाली पडून एक हात गिअरबॉक्सवर ठेवला, दुसरा पट्टीवर. दोन्ही हातांना सारखीच थरथर लागली. मधलं रबर काही गिळतच नव्हतं.

त्यानं इंजिन बंद करायला सांगितलं आणि तसाच पडून राहिला. ते रबर त्यानंच बसवलं होतं.

उन्हाळ्यात जुनं माउंटिंग फाटलं होतं. बाजारात नव्या नव्या गाड्या येत होत्या, आणि हे मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलं होतं. त्याचं रबर कुठं मिळेना. मग त्यानं तेच केलं जे या भागात सगळे करतात. साखर कारखान्यात माल वाहून नेणारा, आता मोडीत निघालेला जुना रबरी पट्टा! त्याच्या चपला होतात, मडगार्डचे पडदे होतात, बैलाच्या खांद्याखालची गादी होते. त्यानं त्याचे दोन तुकडे कापले, भोकं पाडली आणि बसवले. बघणाऱ्यांनी वाहवा केली होती. पण पट्ट्याच्या आत कापडाचे थर असतात. तो फाटत नाही तसा दबतही नाही. फाटलेलं रबर शोधायच्या नादात न दबणारं रबर त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"भारत, चूक माझी हाय," तो बाहेर येऊन म्हणाला. "पट्ट्यानंच फळं मारली."

भारतनं मान खाजवली. "मग काढा की."

दुपारच्या एसटीनं रेवणसिद्ध बीडला गेला. पिशवीत जुन्या, फाटलेल्या माउंटिंगची भोकांची लोखंडी प्लेट होती. राधाकिशन शेठजींच्या स्पेअरपार्टच्या दुकानात त्यानं ती काउंटरवर ठेवली.

"ह्या गाडीचं?" शेठजी हसले. "मिस्त्री, हे आता देवाकडं मागा."

"गाडीचं नाव नका बघू शेठजी. भोकं बघा. ह्या अंतराचं कुठलंबी चालंल."

शेठजींनी चष्मा वर केला, त्याच्याकडं बघितलं आणि शिडी पुढं ढकलली. "चढा. उतरताना धूळबी पुसा."

तेविसाव्या खोक्यात एका टेम्पोचं माउंटिंग निघालं. भोकं जुळली, उंची चार मिलिमीटर कमी भरली. "बसवून बघा," शेठजी म्हणाले. "न्हाई बसलं तर परत आणा. फक्त तेल लागू देऊ नका." त्यानं एवढा वेळ अडवला, तरी शेठजींनी वर चहा मागवला.

बुधवारी त्यानं गिअरबॉक्सखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला, फक्त वजन पेलेल एवढाच. पट्ट्याचे तुकडे काढले. चार मिलिमीटरची लोखंडी चकती कापून नव्या रबराखाली घातली. बोल्ट आधी हातानं नुसते धरवले, जॅक उतरवून रबरावर भार येऊ दिला, आणि मगच आवळले. भारतनं इंजिन चालू केलं आणि केबिनच्या पत्र्यावर भरलेला चहाचा कप ठेवला. चहावर बारीक लाट उठली, पण तो सांडला नाही.

गुरुवारी माल गेला. शनिवारी भारत एक डालगं घेऊन गॅरेजवर आला. "एकबी काळं न्हाई. तिसराबी सुटला न्हाई. अडत्या म्हनला, मंगळवारची खेपबी आमालाच द्या. काकूनं तुमाला हे दिलंय."

डालगं उतरवता उतरवता तो सहज बोलून गेला, "तसं पुन्यातल्या मिस्त्रीनं मागल्या खेपंलाच सांगितलतं. ह्यो पट्टा काढा म्हनला. लगेच दुसरं रबर टाकून देत होता. काकू संगं होती, तीच न्हाई म्हनली. आमचा मिस्त्री काढंल, म्हनली. मलाबी सांगू नको म्हनली."

रेवणसिद्धनं डालग्यावरचा पाला सारला. त्यानं एक सीताफळ उचललं. ते हातातच उकललं, आत पांढरं शुभ्र. वडिलांसाठी त्यानं चार बाजूला काढली.

पुढच्या आठवड्यात मुक्ताबाई केजला आल्या, तेव्हा त्यानं त्यांना विचारलं. त्या त्याच उपड्या डब्यावर बसल्या होत्या. "चहा सांग आधी," एवढंच म्हणाल्या, आणि वाडीतल्या पाण्याचं बोलू लागल्या. चहा झाला, त्या गेल्या.

गाडीखाली पडलं की रेवणसिद्धला अजून तेच आठवतं. तीन दिवस हातात होते, सगळा हंगाम पणाला लागला होता, आणि दोष कुठं आहे हे काकूला सोमवारीच ठाऊक होतं. मग त्याच डब्यावर बसून त्या गप्प का राहिल्या?