पेवातली बिअर

लेकीच्या वेणीचे दोन वेढे माझ्या मनगटाला होते आणि ती पेवाच्या तोंडाशी पालथी पडून ओरडत होती, "सोड मले माय! ते मरून राह्यले खाली!"

"मरू दे," मी म्हणाले. "तू उतरायचं नाही."

लोक नंतर विचारायचे, खरंच असं म्हणालीस का गं? हो, म्हणाले.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली धान्याची कोठी. वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड, खाली मडक्यासारखं पसरलेलं पोट, दोन पुरुष खोल. आमच्या परसात ते सासऱ्यांच्या वेळेपासून होतं. त्याच्या तळाशी माझे जावई कुशीवर पडले होते, गुडघे पोटाशी घेऊन, लेकरं दुपारी झोपतात तसे. हातातला मोबाईल शेजारी पडला होता आणि त्याचा दिवा चालूच होता. त्या पांढऱ्या उजेडात तीन निळे ड्रम दिसत होते आणि जावयांचा एक कान. खालून गोड वास येत होता, पिकलेल्या केळ्याचा आणि भिजलेल्या गव्हाचा. वास इतका चांगला होता की क्षणभर मला वाटलं, आपणही शिडीनं उतरावं आणि त्यांच्या बाजूला जरा पडावं.

मी सात वर्षांची असताना माझ्या माहेरी पेवानं दोघे नेले होते. एक चुलता ज्वारी काढायला उतरला आणि उठेना. त्याला काढायला दुसरा उतरला. तिसऱ्याला माझ्या आजीनं धोतर धरून मागं ओढलं. मला त्या दिवसाचं दुसरं काही आठवत नाही, आजीच्या मुठीतलं धोतर आठवतं.

जावयांच्या कमरेला दोर होता. दुसरं टोक कडुनिंबाच्या बुंध्याला बांधलेलं होतं.

"ओढ," मी लेकीला म्हणाले. "रडत काय बसलीस. दोर ओढ."

तिनं ओढला, मीही एका हातानं ओढला. दुसऱ्या हातातली वेणी सोडली नाही. दोर ताठ झाला, जावई थोडे सरकले आणि तिथंच थांबले. आम्ही दोघी बाया, ते भरल्या अंगाचे.

जावई पुण्याकडचे. त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा दोघं माझ्याकडे राहायला आले. पिंपळगाव राजाच्या बाजूला आमचं खेडं. तिथं जावई आठ दिवस राहिला तर पाहुणा, महिनाभर राहिला तर घरजावई. लोक तोंडावर म्हणत. जावई ऐकून घेत आणि हसत. कंपनीच्या कामानं ते पूर्वी सहा महिने जर्मनीत होते. तिथली बिअर त्यांच्या डोक्यात जाऊन बसली होती. आपल्या ज्वारीची बिअर करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी आधी जगातल्या चवी ओळखायला हव्यात म्हणून ते पुण्या-मुंबईहून बाटल्या घेऊन येत. मलकापूरला गाडीतून उतरत, तिथून बसनं येत. बाटल्या सदऱ्यांत गुंडाळलेल्या असत.

एका दुपारी त्यांनी चहाच्या पेल्यात दोन बोटं ओतून पेला माझ्यापुढं ठेवला.

"जावईबापू, ही दारूच ना?"

"दारूच आहे, आई. पण चाखायची, झिंगायचं नाही."

"मग तुम्हीच चाखा."

"माझी जीभ शिकलेली आहे. मला न शिकलेली हवी."

"मग बरोबर घरी आलात," मी म्हणाले. मी चौथी शिकले आहे.

खरं कारण वेगळं होतं. गावातल्या बाया कुरड्यांचा गहू भिजत घालतात, तेव्हा तिसऱ्या दिवशी मला वास घ्यायला बोलावतात. गहू किती आंबला, आज वाटायचा की उद्या, हे मला नाकानं कळतं. हे लेकीनं त्यांना सांगितलं होतं.

चैत्र संपत आला होता. दुपारी गाव झोपलेलं असायचं. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, खिडकीतून एक पट्टा ऊन, आणि त्या उन्हात जावई पेला धरायचे. त्याचा रंग भिंतीवर हलायचा, कधी मधाचा, कधी तांब्याचा. मी भिंतीवरचा रंगच पाहत राहायची. मग चाखायची. मग जे वाटेल ते बोलायची आणि जावई ते वहीत लिहायचे.

पहिली गढूळ होती, तांदळाच्या धुवणासारखी. मी म्हणाले, "यात धने आहेत. आणि संत्र्याची वाळलेली साल." ते माझ्याकडे पाहतच राहिले. तसंच होतं म्हणे, बेल्जियम देशात तशीच करतात. मला त्यात नवल वाटलं नाही. ती चव कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून आली होती. मी डोळे मिटले तर मला ती बाई दिसली, पाट्यावर धने भरडणारी, डोक्याला रुमाल बांधलेली. त्या देशात पाटा आहे की नाही, मला ठाऊक नाही. मला दिसला.

काळी आली. ती म्हणजे तव्यावर विसरलेली भाकर, करपलेला काठ. मला करपलेला काठ आवडतो, त्यामुळे ती मी पुन्हा मागितली. पुण्यात कुणीतरी केलेली एक फार कडू होती. पाडव्याला कडुनिंबाचा पाला खातो तशी जीभ आखडली, पण कडूच्या मागून कैरीच्या चिकाचा वास आला आणि तो बराच वेळ नाकात राहिला. एक आंबट होती, मीठ घातलेली. "ही आंबील आहे," मी म्हणाले, "आणि आमची याहून बरी." एकीत चुलीतल्या ओल्या सरपणाचा धूर होता. तो घोट घेतला आणि मी लग्नाआधीच्या घरात जाऊन आले, आईच्या पाठीमागं उभी राहून. परत आले तेव्हा कूलर तसाच घरघरत होता आणि जावई पेन धरून वाट पाहत होते.

"काय वाटलं, आई?"

"धूर," मी म्हणाले. बाकीचं त्यांच्या कामाचं नव्हतं.

सगळ्यात लांबून आलेली बाटली हिरवी होती, सोनेरी कागद चिकटवलेली. जावयांनी ती मुलाला अंघोळ घालावी तशी पुसली. मी वास घेतला आणि पेला खाली ठेवला.

"मांजर मुतलं यात."

लेक आतून ओरडली, "माय! काही बोलतेस का!"

जावई मात्र हसायला लागले. हिरव्या काचेतून ऊन लागलं की बिअरला असाच वास येतो म्हणे. पुस्तकात वाचला होता, पण त्यांच्या नाकाला सापडला नव्हता. दुसरी एक परदेशी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली. लांबून येणाऱ्या बऱ्याचशा थकलेल्या असत. पुण्याच्या, मुंबईच्या ताज्या होत्या, पण लहान पोरांसारख्या आरडाओरडा करायच्या. असं मी म्हणाले, तेही त्यांनी लिहिलं.

शेजारणीला खबर लागलीच. ती कुंपणावरून म्हणाली, "काऊन वं मावशी, जावयासंग बसून पेऊन राह्यली म्हने तू?"

"पेत नाही. चाखून राह्यली."

"फरक काय त्यात?"

"तुया घरचा पेते आन् नालीत पडते. मी चाखते आन् भांडे घासते."

ती खो खो हसली आणि घोटभर मागून गेली. तोंड वाकडं करून म्हणाली, "हा तं काढा होय! घरचं ताक बरं यापरिस."

मग जावयांनी ज्वारीला मोड आणले, वाळवली, थोडी भाजली, उकळली आणि कसलीशी विलायती भुकटी टाकून आंबायला ठेवली. वैशाखात आमच्याकडं माठातलं पाणीही कोमट असतं. पहिली खेप नासली. दुसरीही. जावई नुसते बसून राहायला लागले. गाव घरजावई म्हणालं तेव्हा हसले होते, आता हसत नव्हते. त्यांना गार जागा हवी होती.

पेव मीच सुचवलं. आत बाराही महिने गारवा असतो. मी म्हणाले, "कमरेला दोर बांधा, शिडी जुनी आहे. आणि पेवाला दिवा दाखवल्याशिवाय उतरू नका."

"हो, आई," ते म्हणाले.

पहिल्यांदा त्यांनी एकच लहान डबा ठेवला. ओसरीवरून मला ते दिसायचे. पेवाजवळ वाकलेले, हातात दिवा. पुढचं मी उठून पाहिलं नाही. गुडघे दुखतात. तो डबा चांगला निघाला आणि पुढच्या खेपेला त्यांनी तोंडातून जेमतेम जातील एवढे तीन ड्रम उतरवले. पेवाच्या तोंडावर फरशी, फरशीवर पोतं. पाच दिवस पेव उघडलं नाही. सहाव्या दिवशी ते उतरले आणि पडले.

लेकीचं ओरडणं ऐकून शेजारीण कुंपण ओलांडून आली, मागून तिचा नवरा. त्यानं खाली पाहिलं आणि चप्पल काढली.

"मी जातो मावशी. दोन मिनटाचं काम."

"उतर," मी म्हणाले. "मंग तुले कोन काढते? तुयी बायको?"

त्याचा एक पाय शिडीवर होता. शेजारणीनं त्याच्या बनियनला मागून हिसका दिला. "ऐक ना बे तिचं! दोर धर!"

बायकोनं नवऱ्याला असं 'बे' म्हटल्याचं मी दुसरीकडे कुठं ऐकलेलं नाही. पण तो वळला आणि त्यानं दोर धरला. आता मी वेणी सोडली. चौघांनी ओढलं. जावई वर आले ते हळूहळू, मान लोंबती, विहिरीतून घागर यावी तसे गोल फिरत. तोंडाशी खांदे अडकले. शेजारणीनं एक हात धरून आधी तो बाहेर घेतला, मग डोकं आलं. ओठ जांभळासारखे झाले होते. मी त्यांच्या थोबाडीत दिली. सासूनं जावयाला हात लावायची आमच्यात रीत नाही. दुसरी दिली. शेजारणीच्या नवऱ्यानं छाती दाबली. तेव्हा त्यांनी आत श्वास ओढला, फाटक्या भात्यासारखा आवाज करत.

शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना खामगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय प्याले होते?"

"काही नाही," मी म्हणाले. "वास घेतला."

डॉक्टरांनी समजावलं. बिअर आंबताना जी हवा निघते ती जड असते, तळाशी बसून राहते, आणि माणसाला तिथं श्वासाला काही उरत नाही. मला हे माहीत होतं. त्या हवेचं नाव माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जावई उशीला टेकून बसले. म्हणाले, "आई, मी तर दिवा दाखवला होता."

"दोराला बांधून खाली सोडला होता?"

"खाली कशाला? काठावर ओवाळला. नमस्कार केला. मग उतरलो."

आमच्याकडं पेवाला दिवा दाखवणं म्हणजे पेटता कंदील दोरानं तळापर्यंत सोडणं. तो विझला तर माणसानं उतरायचं नाही. त्यांना वाटलं, देवाला दाखवतात तसा. पुण्याचा माणूस, सासरची रीत मोडू नये म्हणून उतरताना दर वेळी निरांजन लावून हात जोडत होता. उजेडासाठी तर मोबाईल होताच. शब्द माझा होता आणि चूकही माझी. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "असू दे, आई." मला ते असू देता येत नाही, पण त्याचं काही करताही येत नाही.

लेक माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. मग एका दुपारी भाजी निवडताना तिनं विचारलं, "मरू दे म्हनलं तू. काऊन?"

"तो खाली होता," मी म्हणाले. "तू वर होतीस."

तिनं भाजी निवडून संपवली.

पेव दोन दिवस उघडं ठेवून, कंदील सोडून, मग शेजारणीच्या नवऱ्यानं ड्रम काढले. पेवात माती भरून टाकली. ड्रममधली बिअर पेल्यात ओतून जावयांनी उन्हाच्या पट्ट्यात धरली. भिंतीवर गव्हाच्या काडाचा रंग हलला. चव आधी केळ्याची होती, मग ओल्या धान्याची, शेवटी थोडी भाजल्याची. मी जेवढ्या चाखल्या त्यांत ती पहिली नाही, दुसरी. पहिली ती धन्यांची.

त्या दिवशी परसात आम्ही पाच माणसं होतो: जावई, लेक, शेजारीण, तिचा नवरा आणि मी. पाचही जण वाचलो.