पाहुण्याचा कोट

मास्तर टेप वापरत नाहीत, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. टेप गळ्यात असायची, पण डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीसारखी, समोरच्याला जरा धीर वाटावा म्हणून. गिऱ्हाईक दारातून खुर्चीपर्यंत पोचायच्या आत मास्तरांनी त्याची छाती, कंबर, खांदे आणि डावा हात उजव्यापेक्षा किती आखूड हे सगळं मोजून टाकलेलं असे. "या, बसा"च्या जागी ते म्हणत, "कंबरेत दोन बोटं वाढलात." लोक कंबरेला हात लावत आणि ओशाळं हसत. तीस वर्षांत मास्तरांची नजर एकदाही चुकली नव्हती. म्हणजे असं मास्तर सांगत.

पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर, वर झोपायची खोली. या तीन खोल्यांत मास्तर आणि बाई असं दोघांचंच राज्य होतं. बाई शाळेच्या कचेरीत कारकून होत्या, गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, पण 'बाई' हे नाव काही निवृत्त झालं नाही. मास्तरही त्यांना बाईच म्हणत. बाई मास्तरांना 'अहो' म्हणत. सव्वीस वर्षांच्या संसारात मास्तरांच्या वाट्याला एवढं एकच नाव आलं होतं आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती पाहुणा आल्यावर.

पाहुणा आणला बाईंच्या धाकट्या भावानं. त्याची दूरदेशी बदली झाली होती. "दोन महिन्यांचा प्रश्न आहे, भावोजी," तो म्हणाला आणि दोरीचं टोक मास्तरांच्या हातात देऊन मोकळा झाला. दोरीच्या दुसऱ्या टोकाला चार काठ्यांवर वाळत घातलेलं रेशीम उभं होतं. लांबोडं तोंड, कानांवर झुलणारे मऊ केस, कंबर इतकी बारीक की मास्तरांच्या मनात पहिला विचार आला तो 'कापड वाचेल' हा.

"सालुकी आहे," मेहुणा म्हणाला.

"सॅटिनसारखं काहीतरी?" मास्तरांनी विचारलं.

"कुत्र्याची जात आहे, भावोजी! हजारो वर्षं जुनी. जुन्या राजांच्या थडग्यांवर यांची चित्रं आहेत. हे वासावर शिकार करत नाहीत. नजरेवर करतात. मैलभर लांबचा ससा यांना दिसतो."

नजर हा शब्द मास्तरांना तेव्हाच खटकला. त्या घरात नजर हे एकाच माणसाचं खातं होतं.

पुढे जे झालं ते मास्तर कुणाला सांगू शकत नव्हते, कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते. पहिल्याच दिवशी बाईंनी त्या प्राण्याला "राजा" अशी हाक मारली. सव्वीस वर्षं एकीकडे आणि एक दिवस एकीकडे. मास्तरांनी सूड म्हणून त्याचं नाव 'पाहुणा' ठेवलं, म्हणजे त्याला आपली मुदत लक्षात राहावी. दोन महिन्यांचे चार झाले. पाहुण्याच्या काहीही लक्षात राहिलं नाही.

राजांच्या थडग्यांवरून आलेल्या जिवाच्या तऱ्हा राजांसारख्याच. अंगावर चरबी नाही, म्हणून त्याला फरशीवर बसवत नाही, गादी लागते. मास्तरांच्या खुर्चीतली उशी गादीवर गेली. मान लांब, म्हणून भांडं स्टुलावर ठेवायचं. दुकानातलं गिऱ्हाइकाचं स्टूल आत गेलं. कातडी नको, हाडं नको, कोमट उकडलेली कोंबडी हवी, तीही दोन वेळा थोडी थोडी, आणि खाल्ल्यावर तासभर पळायचं नाही. कानांचे केस मऊ ब्रशनं विंचरायचे. मोकळं तर कधीच सोडायचं नाही, कारण लांबवर काही हललं की तो हाका ऐकत नाही, नुसता जातो.

"मला ताप आला होता तेव्हा मी थंड कोंबडी खाल्ली होती," मास्तर एकदा म्हणाले.

"तुम्हाला तापात थंड बरं वाटतं," बाई कान विंचरत म्हणाल्या.

"माझे केस कधी विंचरलेस?"

"उरलेत का?"

एवढं बोलून बाई कामात गुंगल्या आणि मास्तरांनी दिवसभरात बटणांची तीन काजं उलटी शिवली.

पाहुण्याची आणखी एक खोड होती. त्याला एखादं माणूस आवडलं की तो त्याच्या मांडीला अंग लावून सगळा भार टाकून उभा राही. बाई चुलीपाशी उभ्या, हा त्यांना टेकून. बाई फोनवर, हा टेकून. मास्तर बाजूला उभे राहून पाहत. चार महिन्यांत तो मास्तरांना एकदाही टेकला नव्हता. मास्तरांना तो टेकायला नकोच होता. पण नको असणं वेगळं आणि न विचारणं वेगळं.

थंडी वाढली. पाहुणा कुडकुडायला लागला. बाई म्हणाल्या, "अहो, राजाला एक कोट शिवा ना."

मास्तरांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि मग म्हणाले, "मी माणसांचा शिंपी आहे."

"एक कोट हो."

"आज कुत्र्याचा कोट, उद्या मांजरीची विजार. सुरुवात झाली की थांबवता येत नाही."

बाईंनी आपला कोट घातला, बाह्यांच्या दोन दोन घड्या वर केल्या, दोरी हातात घेतली आणि पाहुण्याला घेऊन बाहेर पडल्या. मास्तरांना वाटलं, फिरायला निघाल्या. पण बाई रस्ता ओलांडून थेट समोरच्याच्या दुकानात शिरल्या.

समोरचा म्हणजे समोरचा शिंपी. त्याला नाव होतं, पण मास्तरांनी ते कधी उच्चारलं नव्हतं. त्याच्या दुकानाला काचेचं दार होतं, आत मोठा आरसा होता, आणि तो प्रत्येक बाईला "वहिनी" म्हणे. टेपनं माप घेई, तेही दोनदोनदा. मास्तरांच्या मते ही निव्वळ लाजिरवाणी गोष्ट होती.

काचेपलीकडे त्या दिवशी जे घडलं ते मास्तरांना खिडकीतून सगळं दिसलं. समोरचा गुडघ्यांवर बसला. त्याने पाहुण्याच्या पाठीवर टेप टाकली. तो काहीतरी म्हणाला आणि बाई हसल्या. तोंडाला पदर वगैरे काही नाही, चांगल्या मोकळ्या हसल्या. मास्तरांना आठवेना, बाई आपल्या दुकानात शेवटच्या कधी हसल्या होत्या. आणि मग, सगळ्यात वाईट म्हणजे, पाहुणा समोरच्याच्या खांद्याला टेकला.

मास्तरांच्या हातात तेव्हा एका बँकवाल्याची विजार होती. कात्री आपोआप चालली. एक पाय चार बोटं आखूड झाला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

तीन दिवसांनी कोट आला. लाल, कडेला पांढरी पट्टी. पाहुणा तो घालून दारात उभा राहिला आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"कसा दिसतो, सांगा ना!"

मास्तरांनी नजर टाकली. नजरेला एक क्षण पुरला. समोरच्यानं मापं बरोबर घेतली होती, पण कापलं होतं साध्या कुत्र्याच्या अंगासारखं, पिंपासारखं. पाहुण्याची छाती खोल आणि कंबर मुठीएवढी. पुढून घट्ट, मागून ढगळ. पोटाखालचा पट्टा नुसता लटकत होता. हा चालेपर्यंत ठीक. जोरात धावला की कोट फिरणार, खाली येणार आणि मागच्या पायांत अडकणार.

हे सगळं मास्तरांना दिसलं. ते म्हणाले, "बरा आहे."

मनात म्हणाले, दोन दिवसांत घसरेल आणि समोरच्याचं हसं होईल. मग मी बघीन. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला आणि बँकवाल्याची नवी विजार सरळ कापली.

दोन दिवस लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या टोकाला एक कबूतर उडालं. पाहुण्यानं ते बाईंच्या कितीतरी आधी पाहिलं. दोरी बाईंच्या हातातून सुटली. लाल रेघ मैदानावरून निघाली, आणि मध्येच गुंडाळी होऊन कोलमडली. कोट मागच्या पायांत गेला होता. पाहुणा कुंपणाच्या तारेवर जाऊन आदळला.

बाई त्याला उचलून आणत होत्या. एवढं मोठं जनावर, दोन्ही हातांत. मास्तर दुकान उघडं टाकून धावले आणि मागची बाजू त्यांनी धरली. मांडीवरची कातडी कांद्याच्या सालीसारखी फाटली होती.

प्राण्यांची डॉक्टरीण तरुण होती. "यांची कातडी फार पातळ असते," ती म्हणाली. "धरून ठेवा हं, काका."

मास्तरांनी पाहुण्याचं डोकं धरलं. पाहुणा त्यांच्याकडे बघत नव्हता, बाईंकडे बघत होता. त्या वेळीही मास्तरांना ते खटकलं, आणि खटकल्याची लाज वाटली. डॉक्टरणीची सुई चालू झाली.

"जरा जवळ जवळ घ्या टाके," मास्तर म्हणाले. "कापड पातळ आहे. लांब टाक्यानं चुणी पडेल."

डॉक्टरीण थांबली. "तुम्ही डॉक्टर आहात का, काका?"

"शिंपी."

तिनं टाके जवळ घेतले.

घरी आल्यावर बाईंनी तो लाल कोट टेबलावर पसरला आणि पोटाखालचा ढिला पट्टा ओढून पाहिला.

"अहो, तुम्ही माणूस दारात येताच त्याची कंबर सांगता. तुम्हाला हे दिसलं नव्हतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. मास्तरांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"दिसलं होतं," ते म्हणाले. "पहिल्याच मिनिटाला."

बाई रागावल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त गादी उचलली, पाहुण्याला घेतलं आणि वरच्या खोलीत गेल्या. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकान उघडलं नाही. बाई औषध आणायला गेल्या तेव्हा ते वर गेले आणि पाहुण्याशेजारी जमिनीवर बसले.

"हे बघ," ते म्हणाले, "माझं चुकलं. तुझंही थोडं चुकलं, कबूतर काही पळून जात नव्हतं. म्हणजे जात होतं. पण ते राहू दे."

मग त्यांनी गळ्यातली टेप काढली. मानेचा घेर, डोक्याचा घेर, कारण याची मान डोक्याहून जाड. छातीची खोली, बरगड्यांचा उतार, कंबर, मांडीचा टाक्यांवरचा भाग. एकेक आकडा कागदावर लिहिला. सतरा मापं झाली. सगळी त्यांनी दोनदा घेतली, समोरच्यासारखी. पाच ठिकाणी त्यांची नजर चुकली होती.

अठरावं माप घेताना पाहुणा उठला, तीन पायांवर दोन पावलं आला आणि मास्तरांच्या खांद्यावर भार टाकून उभा राहिला. मास्तर हलले नाहीत. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत.

कोट संध्याकाळपर्यंत झाला. करडा, आतून मऊ, सगळ्या शिवणी बाहेरून, कातडीला एकही काठ लागू नये म्हणून. पोटाखाली रुंद पट्टा, जखमेवर वेगळी झडप. पाहुण्यानं तो घालून अंग झाडलं. कोट जागचा हलला नाही.

बाईंनी पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली. "बसलाय," म्हणाल्या. कालपासूनचा तो पहिला शब्द होता. "दारापर्यंत नेऊन आणते त्याला." त्यांनी खुंटीवरचा आपला कोट घातला आणि बाह्यांची घडी करायला लागल्या. एक घडी, दुसरी घडी.

मास्तर बघत राहिले.

"हा कोट कुठला?"

"बाजारातला तयार. चार हिवाळे झाले."

"बाह्या लांब आहेत."

"दिसल्या?" बाई म्हणाल्या.

गल्लीतल्या सगळ्यांच्या बाह्या मास्तरांनी मापात शिवल्या होत्या.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, गिऱ्हाइकांचं संपू दे. सव्वीस वर्षं त्या गिऱ्हाइकांवर जळतेय मी. तुम्ही आपले चार महिन्यांतच दमलात."

मास्तरांनी टेप हातात घेतली. "काढ तो. हात बाजूला कर."

"नजरेनं घ्या की. तुम्हाला टेप कशाला?"

"नजरेचं नाव काढू नकोस. हात बाजूला कर म्हणतो ना."

बाईंनी हात पसरले. मास्तरांनी खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरली, आकडा लिहिला, मग कंबरेभोवती टेप घालायला वाकले. गादीवरून पाहुणा हे सगळं बघत होता. तो लंगडत उठला आणि आपलं लांबोडं डोकं दोघांच्या मधे घालून बाईंना टेकून उभा राहिला, मास्तरांकडे पाठ करून.

"अरे, बाजूला हो," मास्तर म्हणाले.

पाहुणा काही हलला नाही.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या, काचेपलीकडे हसल्या होत्या तशा. "जळतोय बिचारा."

टेपमधे पाहुण्याची मान आली आणि बाईंची कंबर सहा बोटं जास्त भरली. मास्तरांनी आकडा खोडला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.