मुंडावळ्या सोडायच्या आधी

अकोटात आमचा स्टुडिओ आहे. पुढे स्टुडिओ, मागे घर, आणि घरात शिरायला दार एकच, स्टुडिओचं. माझ्या लग्नात सासऱ्यांनी हे पाहून विचारलं होतं, "पावने आले तं गिऱ्हाइकाच्या मधातून जातीन काय?" पाहुणे खरोखरच तसे जात. कोणी पासपोर्ट फोटोसाठी मान ताठ करून बसलेला असे आणि त्याच्यामागून माझी मावसबहीण पिशवी घेऊन आत जाई. कॅमेऱ्याशी उभं राहून मी तिला हातानेच थांब म्हणायचो, पण ती कधी थांबली नाही.

आमच्याकडे एक रीत होती. लग्न लागलं, पाठवणी झाली, की वरात गावाबाहेर पडण्याआधी नवरा-नवरी स्टुडिओत येत. अंगावरची हळद तशीच, मुंडावळ्या तशाच. जोडीचा फोटो निघाल्याशिवाय मुंडावळ्या सोडायच्या नाहीत, असं बायका एकमेकींना बजावत. ही रीत कोणी काढली ठाऊक नाही. माझ्या वडिलांनीच काढली असावी असा माझा संशय आहे, कारण फायदा त्यांचाच होता.

लग्नसराईत बाहेर ट्रॅक्टर, जीपगाड्या, रिझर्व एसटी उभ्या असत. नवरी रडून रडून डोळे सुजवून येई. नवरदेव अवघडलेला, टोपी नीट करत राहिलेला. मागे तळ्याकाठच्या महालाचा पडदा. तो अमरावतीच्या एका पेंटरने रंगवलेला. तळ्यातल्या हंसाची मान जरा जास्तच लांब झाली होती. मी म्हणायचो, "थोडं जवळ सरका, आता कोनाची भीती हाय?" मग नवरी रडता रडता हसायची आणि नेमका तेव्हा मी बटण दाबायचो. तिचं ते पहिलं हसू नवऱ्याच्याही आधी मला दिसायचं. या धंद्यात मी काय कमावलं म्हणाल, तर ते.

आता ते सगळं संपलं. धंदा संपला असं मात्र म्हणवत नाही. फोटो तर लोक आमच्या काळात स्वप्नातही काढले नसतील एवढे काढतात. माझ्याकडे शिकलेला एक पोरगा आज अमरावतीत मोठ्या ऑर्डरी घेतो. ड्रोन आहे, चार माणसं हाताखाली आहेत, लग्नाआधीचं शूटिंग करायला जोड्यांना चिखलदऱ्याला नेतो. दुकान नाही; सगळा संसार एका बॅगेत. तो मागे मला म्हणाला, "काका, फोटोग्राफीले लई दिवस हायेत. ह्या खोलीले नाही." पोरगा मायेनेच बोलला, पण मला ते दोन दिवस लागून राहिलं. बरोबर होतं म्हणूनच लागलं. शाळांची ओळखपत्रं कंपन्या करतात, परीक्षेचे फोटो ऑनलाईन सेंटरवाला जागेवरच काढून चढवतो, अल्बमच्या जागी पेनड्राइव्ह आला. माझ्याकडे उरले ते घाईतले पासपोर्ट फोटो आणि गेलेल्या माणसाचा चेहरा मोबाईलमधून काढून मोठा करून द्यायचं काम. त्यासाठी लोक अजून येतात. रडायला जागा लागते ना.

शेवटी पुढची खोली मोबाईलवाल्याला भाड्याने द्यायचं ठरवलं. लेकीचं लग्न झालं की द्यायची. त्या खोलीतला शेवटचा जोडीचा फोटो माझ्या लेकीचा व्हावा, एवढीच माझी इच्छा होती. कितीतरी लोकांच्या लेकी त्या पडद्यासमोर बसल्या. आपली बसली की दिवे विझवायला मी मोकळा.

लेकीने लग्नाचे फोटो त्या अमरावतीच्या पोरालाच सांगितले होते. मला बजावलं, "बाबा, त्या दिवशी तुमी फोटोवाले नोका होऊ. फक्त बाप व्हा." मी कबूल केलं, पण जोडीचा एक फोटो मागून घेतला. ती म्हणाली, "येऊ न बाबा. जाता जाता रस्त्यातच तं हाय."

सोयरीक चांदूर बाजारकडची. लग्न आमच्याच गावातल्या मंगल कार्यालयात लागलं. पाठवणीला माझ्या गळ्यात पडून ती रडली आणि मीही रडलो. पण खरं सांगतो, रडताना अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. गाडी फुलांनी सजवलेली, ती हळू जाणार; मी स्कूटर काढली. बायको म्हणाली, "लेक चालली अन् तुमी दुकान उघडाले चालले?" मी हो म्हणालो आणि निघालो.

शटर वर केलं. पडदा झटकला. दिवे लावले, खुर्ची आणि स्टूल मांडले आणि दोघांच्या उंचीचा अंदाज घेऊन दिव्याची छत्री थोडी खाली केली. तिची उंची कोणाला विचारायची गरज नव्हती. मग दारात येऊन उभा राहिलो. एवढी ओढ मला माझ्या लग्नातही वाटली नव्हती.

गाडी थांबली. मागे बस थांबली. जावई उतरले. लेकीने एक पाय खाली टाकला आणि आतून जावयांच्या मोठ्या आत्याने तिचा हात धरला.

"इवाई, घर तुमचं इथंच हाय न?"

"घर मांगं हाय. हे दुकान हाय," मी म्हणालो.

"दार तं एकच दिसते." बाई शांतपणे बोलत होती. "पाठोनी झाली अन् पोरगी लगेच बापाच्या उंबऱ्यात परत? तुमच्यात चालते काय असं?"

आमच्यातही चालत नाही. लेक वाटेला लागली की रीतीने आणल्याशिवाय तिने माहेरचा उंबरा ओलांडायचा नसतो, हे मला लहानपणापासून माहीत. दुसऱ्यांच्या लेकींना हा उंबरा दुकानाचा होता. माझ्या लेकीला तो माहेरचा, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाईचा राग यावा असं फार वाटलं. आला नाही, कारण तिच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो.

लेक म्हणाली, "आत्या, पाचच मिनिटं." आणि माझ्याकडे पाहिलं. मी ये म्हटलं असतं तर ती आली असती. पण पहिल्याच दिवशी तिला त्या घरात बोल लागला असता, तोही माझ्या हौसेपायी.

"बस बेटा गाडीत," मी म्हणालो.

तिने पाय आत घेतला. बसमधून कोणीतरी म्हणालं, मोबाईलवर काढा न इथंच. मला ते ऐकवलं नाही. आत्याबाईलाही वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, "जवायाले न्या न आत. त्यायले कोन अडवते?"

जावई आत आले. चांगला पोरगा, नाही म्हणाला नाही. मी दाखवली त्या खुर्चीवर बसला, शेजारचं स्टूल मोकळं. मी कॅमेऱ्यात पाहिलं. दोघांसाठी लावलेला उजेड, त्यात तो एकटाच एका कडेला. त्याच्याही ते ध्यानात आलं.

"बाबा, मधात सरकू काय?" त्याने विचारलं.

"नोका," मी म्हणालो. "तसेच बसा. तिची जागा राहू द्या."